चित्रकथाकार तेझुका आणि त्यांचा 'बुद्ध'

चित्रांवरून गोष्ट समजून घेणे हे बालकाचे किंवा निरक्षराचे काम आणि अक्षरांवरून ती समजून घेणे हे सुशिक्षिताचे, असा एक समज आपल्या मध्यमवर्गीय घरांतून इतका खोल रुजलेला आहे की, त्याविषयी कोणी वादही घालीत नाही. मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला म्हणजे 'आता चित्रांची पुस्तके पुरे' असे त्यास बजावण्यात येते, आणि घरातील 'चांदोबा'चे व 'अमर चित्र कथे'चे जुने अंक रद्दीच्या तराजूत जाऊन पडतात. ज्या प्रांतात अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा रंगविल्या गेल्या, आणि ज्या प्रांतातील पिंगुळीचे चित्रकथी कागदावरील चित्रे एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारतातील आख्याने गात आले, त्या प्रांतात हा समज इतक्या निःशंकपणे नांदावा ह्याचे नवल वाटते. चित्र आणि कथा ह्यांचा संसार आपल्याकडे मध्येच कोठे तरी मोडला. जपानात तो मोडला नाही. तेथे होकुसाई ह्या चित्रकाराने १८१४ पासून आपल्या रेखाटनांचे जे संग्रह प्रसिद्ध केले त्यांस 'मांगा', म्हणजे मनाच्या लहरीसरशी काढलेली चित्रे, असे नाव होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात शहरांच्या गल्ल्यागल्ल्यांतून सायकलीवर लाकडी चौकट घेऊन फिरणारे 'कामिशिबाई'वाले मुलांना मिठाई विकीत आणि चौकटीतील चित्रे सरकवीत गोष्टी सांगत; ते आपल्या चित्रकथ्यांचे दूरचे भाऊबंदच होत. त्याच मातीत ओसामू तेझुका हा पुरुष निपजला, आणि त्याने चित्रकथेस कादंबरीच्या पंक्तीस नेऊन बसविले.

तेझुकांच्या सुमारे दीड लक्ष पृष्ठांच्या लेखनसंभाराचा परामर्श एका लेखात घेणे कोणासही शक्य नाही, आणि आमचा तसा संकल्पही नाही. त्यांच्या चरित्राचा धागा हाती धरून आम्हांस जावयाचे आहे ते त्यांच्या एकाच ग्रंथाकडे. तो ग्रंथ म्हणजे १९७२ पासून १९८३ पर्यंत मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालेला 'बुद्ध'. इंग्रजी भाषांतरात त्याचे आठ जाड खंड झाले आहेत. नागपूरची दीक्षाभूमी ज्यांना आगगाडीच्या दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे त्या आम्हां वऱ्हाड-वर्धेकडील वाचकांस बुद्धचरित्र हा केवळ प्राचीन इतिहासाचा विषय राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तो शेजारच्या घरातील, शाळेतील, चावडीवरील विषय झाला आहे. त्यामुळे कोणी परदेशी कलावंत बुद्धाची कथा नव्याने सांगू लागला, आणि तीही जातिभेदाच्या अंगाने सांगू लागला, तर त्याच्याकडे कौतुकाने पाहून स्वस्थ बसणे आम्हांस शक्य नाही. त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे.

तेझुकांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला. बालपण ताकाराझुका ह्या गावी गेले. घर सुखवस्तू, वडील चित्रपटांचे शौकीन. घरात एक छोटे प्रक्षेपणयंत्र होते आणि त्यावर चॅप्लिनचे व डिस्नेचे चित्रपट मुलांना पाहावयास मिळत. आईला नाटकाची आवड. आणि ताकाराझुका हे गाव तर नाटकासाठीच प्रसिद्ध. तेथील मंडळीत पुरुषपात्रेही स्त्रियाच करतात. आपल्याकडे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली व बालगंधर्वांच्या शालूचे वळण घराघरांतील स्त्रियांनी उचलले. पुढच्याच वर्षी ताकाराझुकाच्या मुलींनी रंगभूमीवर पाऊल टाकले व पुरुषी बाणा स्त्रीदेहावर कसा शोभतो हे दाखविले. ह्या योगायोगातून कोणताही सिद्धान्त काढण्याचा आमचा विचार नाही. परंतु लहानग्या ओसामूच्या डोळ्यांत भरलेली ती रंगभूमी पुढे त्याच्या चित्रांत जागोजाग उतरली आहे. १९५३ मध्ये मुलींच्या मासिकात सुरू झालेल्या त्याच्या एका कथेची नायिका मुलाचे व मुलीचे अशी दोन हृदये घेऊन जन्मास येते आणि राजपुत्र म्हणून वाढते. तसेच, स्वतःच्या पात्रांना तो नाटक मंडळीतील नटांप्रमाणे वागवीत असे. एका कथेत शास्त्रज्ञ झालेली मुद्रा दुसऱ्या कथेत गुप्तहेर म्हणून येते, तिसरीत खलपुरुष म्हणून. सराईत वाचक 'हा पाहा, आज ह्याला ही भूमिका मिळाली' असे म्हणून हसतो.

दुसरे वेड किड्यांचे. 'ओसामुशी' नावाच्या एका भुंग्याच्या नावात आपले नाव दडलेले पाहून ह्या मुलाने आपल्या सहीत 'किडा' ह्या अर्थाचे अक्षर कायमचे जोडून टाकले. पुढे कोट्यवधी वाचकांनी ज्या सहीवर प्रेम केले ती अशी एका शाळकरी पोराच्या छंदातून झालेली आहे.

युद्धाचा अनुभव मात्र छंद नव्हता. शेवटच्या वर्षी शाळकरी मुलांना कारखान्यांत जुंपण्यात आले. जून १९४५ मधील ओसाकावरील हवाई हल्ल्याच्या वेळी तेझुका टेहळणीच्या मनोऱ्यावर होते. बाँब जवळच पडले. ते वाचले, आणि खाली उतरल्यावर त्यांनी जे पाहिले ते त्यांस जन्मभर पुरले. १५ ऑगस्टला शरणागती झाली. त्या रात्री पूर्वीसारखे उजळलेले शहराचे दिवे पाहून, आता आपण जगणार व चित्रे काढणार, ही जाणीव आपल्याला कशी झाली, हे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९७४ मधील 'कागदी गढी' ह्या आत्मचरित्रात्मक कथेत हा काळ येतो. पुलगावात राहणाऱ्या माणसाने ती पाने वाचताना थबकावे हे स्वाभाविक आहे. आमच्या गावाची ओळख एके काळी कापसाच्या गिरणीची होती. दुसऱ्या महायुद्धापासून ती दारूगोळ्याच्या भांडाराचीही झाली. मे २०१६ च्या अखेरीस त्या भांडारात आग लागून स्फोट झाले, कित्येक जवान व आग विझविणारे कर्मचारी बळी पडले, आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसे रात्री घरे सोडून धावली. युद्ध दूर कोठे तरी असते पण त्याची सामग्री आपल्या उशाशी निजलेली असते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस तेझुकांचा युद्धद्वेष समजावून सांगावा लागत नाही.

युद्ध संपले त्या वर्षी तेझुका ओसाका येथे वैद्यकाच्या अभ्यासक्रमात होते. जानेवारी १९४६ मध्ये मुलांच्या वृत्तपत्रातून त्यांची चार-चार चौकटींची पहिली मालिका सुरू झाली. १९४७ मध्ये साकाई शिचिमा ह्यांच्या योजनेवरून काढलेले 'नवे रत्नद्वीप' हे पुस्तक निघाले. त्याच्या चार लक्ष प्रती खपल्या असे सांगतात. रद्दी कागदावर, भडक लाल वेष्टनात, मिठाईच्या दुकानांतून विकली जाणारी ही पुस्तके. तीत साहित्य शोधावयास कोण जाणार? परंतु पहिल्याच पानांवर एक मुलगा मोटार हाकीत बंदराकडे निघतो, आणि ती मोटार दुरून येते, जवळ येते, आपल्या अंगावरून जाते. पूर्वीच्या चित्रकथांतून पात्रे रंगमंचावर उभी असल्यासारखी पूर्णाकृती दिसत. येथे वाचकाचा डोळाच हलू लागला. वडिलांच्या त्या प्रक्षेपणयंत्राचे हे ऋण होय.

वैद्यकाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले, परवाना मिळविला, आणि १९६१ मध्ये गोगलगाईच्या शुक्रपेशींवरील प्रबंधास डॉक्टरकीची पदवीही मिळविली. धंदा मात्र केला नाही. १९५० मध्ये 'जंगल सम्राट', १९५२ मध्ये पोलादी बाहूंचा यांत्रिक मुलगा 'आटोम'. ह्या आटोमची कथा आपल्याकडे पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असेल, आणि बहुतेकांनी ती बालिश समजून सोडून दिली असेल. तिचा गाभा मात्र बालिश नाही. एका शास्त्रज्ञाचा मुलगा मोटारीच्या अपघातात मरतो. शोकाने वेडा झालेला बाप त्याच्यासारखा यंत्रपुत्र घडवितो. आणि तो वाढत नाही हे ध्यानी येताच त्यास सर्कशीला विकून टाकतो. हिरोशिमानंतर सातव्या वर्षी, अणूचे नाव धारण केलेले, बापाने विकलेले पोर जपानी मुलांचे लाडके व्हावे, ही गोष्ट त्या राष्ट्राच्या मनाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

यशाच्या शिखरावर तेझुकांनी जी चूक केली ती आपल्या ओळखीची आहे. १९६१ मध्ये त्यांनी हलत्या चित्रपटांची संस्था काढली, आणि १ जानेवारी १९६३ पासून आटोम दर आठवड्यास दूरचित्रवाणीवर येऊ लागला. चित्रे कमी काढावयाची, तीच ती पुनः वापरावयाची, अशी काटकसर करूनही खर्च भागेना, कारण मालिका त्यांनी मुद्दामच पडत्या भावाने विकली होती. तोटा भरून निघे तो त्यांच्या स्वतःच्या लेखणीच्या मिळकतीतून. १९७३ मध्ये संस्थेचे दिवाळे वाजले. दादासाहेब फाळके आणि बालगंधर्व ह्यांच्या चरित्रांतील हिशेबाची पाने ज्यांनी वाचली आहेत त्यांना हा मासला नवा वाटणार नाही. कलावंत कर्जात बुडाला की आपण त्याच्या औदार्याच्या कथा सांगतो. त्याच्याबरोबर किती कामगार बुडाले हे मोजीत नाही. तेझुकांच्या मृत्यूनंतर मियाझाकी हायाओ ह्या तितक्याच थोर कलावंताने ह्याच मुद्द्यावर त्यांच्याविषयी कठोर लिहिले. त्या पहिल्या पडत्या भावाने पुढच्या पिढीतील चित्रकारांच्या मजुरीचा भाव पाडला, हा आरोप आम्हांस वजनदार वाटतो.

स्वभावातही खोट होती. आपल्याहून तरुण कोणी काही नवे केले की त्यांचा जीव कासावीस होई. इशिनोमोरी शोतारो ह्यांची शब्दांवाचून चालणारी एक काव्यमय मालिका तेझुकांच्याच मासिकात येत असता, एका वाचकाच्या पत्रास उत्तर देताना त्यांनी तिची निंदा केली. ते कळताच इशिनोमोरींनी मालिका थांबविण्याचे ठरविले, तेव्हा तेझुका त्यांच्या घरी गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. हा मत्सर त्यांनी कधी लपविला नाही आणि त्याचे सोने केले हेही खरे. मोठ्यांसाठी गंभीर, काळ्या वळणाच्या चित्रकथा लिहिणारी नवी मंडळी पुढे आल्यावर, आपण जुने झालो असे लोक म्हणतात हे पाहून, चाळिशी ओलांडलेल्या ह्या माणसाने आपली गोलगोल, गोंडस रेघ मोडून नवी घडविण्याचा यत्न केला. दिवाळे वाजले त्याच वर्षी परवान्याविना शस्त्रक्रिया करणाऱ्या 'ब्लॅक जॅक' ह्या वैद्याची कथा सुरू झाली आणि तिने त्यांस पुनः वर काढले. ह्याच पडझडीच्या काळात 'बुद्ध' लिहिला जात होता.

तो प्रथम आला तो मुलांच्या एका मासिकातून; मासिक काढणारी प्रकाशनसंस्था सोका गाक्काई ह्या बौद्ध संघटनेशी संबंधित होती. असे असूनही तेझुकांनी पंथाची पोथी लिहिली नाही. किंबहुना पहिला खंड संपत येईपर्यंत वाचकास बुद्ध जवळजवळ भेटतच नाही! आरंभी येते ती सशाची गोष्ट: थकलेल्या वृद्धास देण्याजोगे काही नाही म्हणून स्वतः अग्नीत उडी घेणारा ससा. आपल्याकडे चंद्रावरील डाग दाखवून आजी जी गोष्ट सांगते तीच. असित मुनी ती आपल्या शिष्यांना सांगतात, आणि नारदत्त नावाचा शिष्य तिचा अर्थ शोधीत वणवण निघतो. मग येतो चाप्रा, शूद्र दासाचा पोर, मालकाने सोपविलेले कापड वाटेत लुटले गेल्यामुळे ज्याची आई विकली जाते. आणि ते कापड लुटणारा तत्ता, अस्पृश्याचे नागडे-उघडे पोर, ज्यास पशूंच्या देहात शिरून त्यांच्या डोळ्यांनी पाहता येते. तत्ता आपली आई व बहीण गमावतो आणि चाप्राच्या आईलाच आई म्हणू लागतो. चाप्रा कोसलाच्या सेनापतीचा जीव वाचवून त्याचा मानसपुत्र होतो, जन्म लपवितो, वर चढतो, आणि चढलेल्या उंचीवरून कोसळतो. मायलेक एकमेकांना नाकारू शकत नाहीत म्हणून दोघेही मरतात.

ही चारशे पाने तेझुकांच्या प्रतिभेचा उत्कर्ष आहेत असे आमचे मत आहे. तत्ता, चाप्रा आणि चाप्रा हे पात्रच मुळी कोणत्याही पाली ग्रंथात नाही. पण जन्म लपविणाऱ्या मुलाच्या मनातील भीती, आणि त्याला पाहून आईच्या चेहऱ्यावर येणारा आनंद व धसका, हे ज्या रेषांत दाखविले आहे त्या रेषांस पुरावा लागत नाही. महाराष्ट्रात आडनाव बदलून शहरात राहिलेल्या, आणि गावाकडची आई भेटीस आली की शेजाऱ्यांच्या नजरा चुकविणाऱ्या माणसांच्या कथा आपल्या दलित साहित्यात आल्या आहेत. एका जपानी चित्रकाराने, आपल्या देशातील 'बुराकु' लोकांची स्थिती पाहूनच असेल कदाचित, त्या दुखण्याची नाडी अचूक पकडली.

चित्रांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. हिमालय, अरण्य, पूर, टोळधाड ही तेझुका बारीक छटांनी, एखाद्या कोरीव ठशाप्रमाणे काढतात. आणि त्या भव्य देखाव्यात त्यांची माणसे मात्र मोठ्या डोळ्यांची, वाटोळ्या नाकांची, जवळजवळ विदूषकी. प्रथम हे खटकते. पुढे ध्यानात येते की, सृष्टी अफाट आणि माणूस हास्यास्पद हेच त्यांस म्हणावयाचे आहे. मृत्यूच्या प्रसंगी ते शब्द काढून घेतात. पानामागून पान नुसते आकाश, पाने, पशू. ऐन गंभीर प्रसंगात एखादे पात्र आधुनिक काळातील वस्तूचे नाव घेते, किंवा खुद्द तेझुका चष्मा लावून चौकटीत डोकावतात, ह्याबद्दल पाश्चात्त्य वाचक बुचकळ्यात पडतात. ज्याने एकदा तरी देवळातील कीर्तन ऐकले आहे त्या मराठी वाचकास त्यात काय नवल? उत्तररंगात हरिश्चंद्राची कथा रंगात आलेली असता बुवा मध्येच वीजबिलाचा विनोद करतात, सभा हसते, आणि दुसऱ्याच क्षणी तारामतीच्या शोकाने डोळे पुसू लागते. तेझुका हे जातीचे कीर्तनकार आहेत.

आता तक्रारीचा भाग.

सिद्धार्थ घराबाहेर का पडला, हा बुद्धचरित्रातील पहिला प्रश्न. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी ही चार दृश्ये पाहून तो विरक्त झाला, ही परंपरागत कथा धर्मानंद कोसंबींनी आपल्या 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथात चिकित्सेच्या कसोटीवर घासून बाजूस सारली, आणि शाक्य-कोलियांमधील कलहाकडे, शस्त्र उचलण्याविषयी सिद्धार्थास वाटलेल्या भीतीकडे व किळसेकडे बोट दाखविले. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हेच गृहत्यागाचे कारण म्हणून येते. कोसंबी हे गोव्याचे. पाली शिकण्यासाठी घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेलेले. आणि जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला तो आमच्या शेजारी सेवाग्रामला, अन्नत्याग करून. बुद्धाच्या गृहत्यागाचा अर्थ त्यांनी केवळ ग्रंथांतून लावला नव्हता. तेझुकांनी जुनी चार दृश्येच स्वीकारली, इतकेच नव्हे तर दुसऱ्या खंडाचे नावही इंग्रजीत त्यांवरूनच पडले. त्यांस मिगैला ह्या शूद्र दरोडेखोर युवतीवरील प्रेमाची जोड दिली. तिला शिक्षा म्हणून आंधळे केले जाते. कथा म्हणून हे खिळवून ठेवते. परंतु युद्धाविषयी ज्यास मनोऱ्यावरून जाळ पाहून बोलता येत होते, त्या लेखकाने युद्धास नकार देऊन निघालेला सिद्धार्थ हातचा घालवावा, ह्याची आम्हांस चुटपुट लागून राहिली आहे.

मोठी तक्रार तत्ताविषयी आहे. आठही खंडांचा खरा नायक तोच. तो लूट करतो, सूडाने पेटतो, सिद्धार्थाचा जिवलग मित्र होतो, आंधळ्या मिगैलेशी संसार थाटतो, बुद्धावर जीव टाकतो. आणि अखेरीस बुद्धाचे न ऐकता कोसलावर चालून जाऊन रणात मरतो. त्याच्या मृत्यूने बुद्ध खचतो. प्रसंग हृदयद्रावक आहे ह्यात शंका नाही. पण विचार करावा: परंपरेत सुनीत भंगी आहे, ज्यास बुद्धाने रस्ता झाडताना संघात बोलावले. उपाली न्हावी आहे, ज्यास शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, अशासाठी की राजपुत्रांनी त्यास वंदन करावे. आनंदास पाणी देणारी मातंगकन्या प्रकृती आहे, जिच्यावरून रवींद्रनाथांनी १९३३ मध्ये 'चंडालिका' लिहिली. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात हीन-दीन मानलेल्यांच्या दीक्षेचा एक स्वतंत्र भागच केला आहे. ह्यांपैकी कोणासही तेझुकांनी मध्यवर्ती स्थान दिले नाही. त्यांनी स्वतःचा अस्पृश्य कल्पिला, आणि तो असा कल्पिला की, पशूंच्या अंगात शिरण्याची विद्या त्यास जन्मतः आहे, विचार करण्याची मात्र त्यास कधी सवड मिळत नाही. तो प्रेम करतो, चिडतो, मरतो. धम्म समजून घेऊन स्वीकारणे हे त्याच्या वाट्यास येत नाही.

ह्यास उत्तर मिळेल ते असे, की तेझुकांच्या जगात पशू हे माणसापेक्षा खालच्या पायरीवर नाहीतच. एका माणसाचा प्राण वाचविण्यासाठी अनेक पशूंचे प्राण खर्ची घातले म्हणून नारदत्तास पशुवत् जिणे जगण्याची शिक्षा होते. अस्सजी नावाचा शेंबडा पोरगा आपले मरण आधीच जाणून, भुकेल्या लांडग्यांच्या तोंडी स्वतःस देतो, आणि ते पाहून सिद्धार्थास जे कळते ते कोणत्याही तपाने कळले नव्हते. सर्व जीव एका प्रवाहातील लाटा, असे हे दर्शन आहे. आणि त्या दर्शनात तत्ता सर्वांत पुढे आहे, मागे नाही. हे उत्तर आम्ही प्रामाणिकपणे तोलून पाहिले. ते कलेच्या दृष्टीने बरोबर आहे. तरीही, ज्या समाजास शतकानुशतके पशूपेक्षा हीन लेखले गेले, पशूस ज्या तळ्यावर पाणी मिळे तेथे ज्यास मिळत नसे म्हणून ज्याला १९२७ मध्ये महाडला जावे लागले, त्या समाजाच्या मुलाने हे पुस्तक उघडल्यावर पहिला अस्पृश्य भेटावा तो पशूंशी एकरूप झालेला, ह्यातील टोचणी कलेच्या उत्तराने जात नाही. तेझुका जातीस जन्माबरोबर आलेले दुर्दैव समजतात, आणि त्यावर करुणेचे औषध सांगतात. इकडील वाचक तीस माणसांनी रचलेली व्यवस्था समजतो, आणि ती माणसांनीच मोडावी असे म्हणतो. चाप्रा आणि तत्ता ह्यांपैकी एक जण तरी ही व्यवस्था उलटून पाहणारा निघाला असता!

विरूढकाची कथा त्यांनी अधिक सरस हाताळली आहे, हेही नमूद केले पाहिजे. शाक्यांनी राजकन्या म्हणून दासी दिली. तिच्या पोटी झालेला कोसलाचा राजपुत्र हे कळल्यावर शाक्यांचा संहार करावयास निघतो. ही कथा मूळचीच. तेझुकांनी तिच्यात भर घातली ती स्वतःच्या आईला दासींत ढकलणाऱ्या मुलाच्या द्वेषाची, आणि त्या द्वेषाच्या तळाशी असलेल्या लज्जेची. कुळाच्या अभिमानाने केलेल्या एका फसवणुकीत अख्खे कुळ जळून जाते. येथे दुर्दैव नाही. येथे माणसांची करणी आहे, आणि म्हणून येथे तेझुका करुणेच्या पुढे जातात.

ह्या ग्रंथास जपानात १९७५ मध्ये व्यंगचित्रकलेचे एक मानाचे पारितोषिक मिळाले, आणि भाषांतरास पुढे अमेरिकेतही गौरव लाभला. हिटलरच्या काळावरील, ॲडॉल्फ नावाच्या तीन माणसांची कादंबरी त्यांनी १९८३ पासून लिहिली. ती त्यांच्या सर्व कृतींत रचनेने सर्वांत पक्की आहे. 'अग्निपक्षी' ही जन्मभर चाललेली महाकथा अपुरीच राहिली. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी जठराच्या कर्करोगाने ते वारले, तेव्हा आणखी तीन कथा मेजावर अर्धवट होत्या. त्यांतील एक बेथोव्हेनवरची.

जपान आणि आमचा वर्धा जिल्हा ह्यांचे नाते जुने आहे. १९३३ मध्ये फुजी गुरुजी गांधीजींस भेटावयास वर्ध्याला आले. त्यांच्या पंथाचा विश्वशांती स्तूप तेथे उभा आहे. नागपुरात भदंत सुरई ससाईंसारखे जपानी भिक्षू येऊन स्थायिक झाले व येथलेच होऊन गेले. त्या मानाने तेझुकांचा 'बुद्ध' आमच्याकडे उशिरा व इंग्रजीच्या आडवाटेने आला. ज्या घरांत तो विकत घेतला जाईल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांसाठी एवढे सांगणे आवश्यक आहे: पुस्तकात नग्नता आहे, रक्तपात आहे, आणि तो सौम्य केलेला नाही. पहिला खंड बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावयास आमची हरकत नाही. अस्सजीचा मृत्यू ज्यात आहे तो चौथा खंड मात्र आधी आपण वाचावा, आणि मग मुलाजवळ बसून वाचावा. शेजारी बाबासाहेबांचा ग्रंथ उघडा ठेवावा. मुलगा विचारील की, ह्यात सुनीत आहे, मग चित्रांत का नाही; आणि तो प्रश्न त्याने विचारावा अशीच आमची इच्छा आहे.